‘मी कुठाय ह्यात?’ : गेमचं कव्हर काढताना

माझ्या गेमचं पहिलं कव्हर आबांना दाखवलं तेव्हा ते मोबाइल लांब धरून बराच वेळ बघत राहिले. चांदणं, गावाबाहेर वडाखाली उभी लाल एसटी, मागे डोंगर. तीन आठवडे खपून काढलं होतं. आबा म्हणाले, “गाडी झाक आलीया. पण ही तर ड्रायव्हरची झाली. मी कुठाय ह्यात?”

आबा गारगोटी डेपोला कंडक्टर होते. गेमचं नाव ‘मुक्कामी’, म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्र तिथंच काढणारी गाडी. खेळणारा कंडक्टर असतो. तिकीट फाडायचं, सुट्ट्यांची भांडणं मिटवायची, फुकट्याला हेरायचं, रात्री हिशोब जुळवायचा. स्टिअरिंगला हात लावायचाच नाही. आणि कव्हरवर मी काय काढलं, तर गाडी.

आबांचं न ऐकता तेच कव्हर स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, टाकलं. बस चालवायला मिळेल म्हणून लोकांनी गेम घेतला, ‘गिअर कुठाय’ विचारलं आणि परत केला. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे चुकीच्या कव्हरनं ओढून आणलेलं गिऱ्हाईक टिकत तर नाहीच, वर जाता जाता अंगठा खाली करून जातं.

म्हणून ब्रशला हात लावायच्या आधी एक क्रियापद कागदावर लिहा. खेळणारा या गेममध्ये सारखं काय करत असतो? गोष्ट कुठं घडते, नायकाचं दुःख काय, हे गेमच्या पानावर खाली सांगता येतं. माझं क्रियापद ‘तिकीट फाडणं’. त्यातून दुसरं कव्हर निघालं: समोर आलेला हात, मुठीत पंच, अंगठ्याखाली तिकीट. मागे दाटीवाटीनं उभी माणसं, सगळ्यांची नजर हाताकडे. एकटाच खिडकीबाहेर बघतोय. फुकट्या कोण ते सांगायला लागत नाही. (चित्रातल्या एसटीवर महामंडळाचं बोधचिन्ह मात्र काढू नका. ते त्यांचं आहे. मी माझं वेगळं काढलं.)

आता मापं, सगळी पिक्सेलमध्ये; या चित्रांना स्टीम ‘कॅप्सूल’ म्हणतं. गेमच्या पानावर वरती दिसतं ते हेडर ९२० × ४३०. स्टीमच्या पहिल्या पानावर निवड झाली तर लागणारं मोठं १२३२ × ७०६. सेलच्या पानांवरचं उभं ७४८ × ८९६. आणि यादीतलं छोटं ४६२ × १७४. आपण सगळे जीव ओततो मोठ्यावर, आणि बहुतेकांना आपला गेम पहिल्यांदा भेटतो तो छोट्यावर. तेही पूर्ण मापात नाही. स्टीम त्याचं १८४ × ६९ आणि १२० × ४५ असं आणखी बारीक करून शोधाच्या यादीत लावतं. १२० × ४५ म्हणजे नखाएवढं. माझी चांदण्यातली एसटी तिथं जांभळाचा डाग दिसत होती.

तेव्हा उलट्या बाजूनं सुरुवात करा. क्रितामध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर; फुकट आहे, पुरतं) १२० × ४५ ची फाइल उघडा आणि रंग न वापरता फक्त काळा, पांढरा आणि एक करडा अशा तीन छटांत कव्हर मांडा. झूम करायचं नाही. त्या तीन छटांत जे ओळखू येत नाही ते पुढे कितीही कोरलंत तरी येणार नाही. २०१७ च्या ‘हॉलो नाइट’ या गेममधला तो पांढरा मुखवटा आठवा: दोन काळी भोकं, बाकी अंधार. कितीही लहान करा, ओळखू येतो. छोट्या कॅप्सूलमध्ये मी शेवटी माणसं, खिडकी, हात सगळं काढून टाकलं. नाव आणि नावाच्या शेवटी पंचानं पाडलेलं एक भोक, एवढंच ठेवलं. स्टीमही छोट्यात नाव जवळजवळ कडेपर्यंत भरा असंच सांगतं.

नावाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथं आपल्या लिपीची गंमत आहे. ‘मुक्कामी’ देवनागरीत लिहा. खाली उकार, मध्ये ‘क्क’चं जोडाक्षर, वर शिरोरेषेच्याही डोक्यावर वेलांटीची कमान. म्हणजे हे तीन मजली घर झालं. ४५ पिक्सेल उंचीतून वरखाली चारचार मोकळे सोडा, उरले ३७. वेलांटी आणि उकार मिळून त्यातले सोळासतरा खातात, अक्षराच्या अंगाला राहतात जेमतेम वीस. त्या विसात ‘क्क’ बसवायचा. मी आधी ‘मोदक’ फाँट घेतला, कारण पोस्टरवर तो लाडूसारखा गुबगुबीत छान दिसतो. पण त्याच्या पोटातली पोकळी मुळात चिरेएवढी, लहान केल्यावर ती बुजली आणि सगळ्या नावाचा एक लगदा झाला. ‘बालू’मध्ये काम झालं. दोन्ही फाँट मुंबईच्या एक टाइपचे, दोन्ही फुकट वापरता येतात. बालूची अक्षरंही जशीच्या तशी नाही ठेवली: अक्षरांचं बाह्यरेषेचं चित्र करून घेतलं आणि उकार वर ओढला, वेलांटीची कमान चपटी केली, शिरोरेषा थोडी बारीक केली. जाड शिरोरेषा लहान मापात सगळी अक्षरं एकाच दांडीला टांगलेल्या कपड्यांसारखी करून टाकते. एवढं करून देवनागरी नाव इच डॉट आयओ या गेमच्या दुसऱ्या साइटवर लावलं, तिथं कव्हर ६३० × ५०० असतं, उंची बऱ्यापैकी मिळते. स्टीमच्या छोट्यात मात्र सात रोमन कॅपिटल अक्षरं ठेवली; त्यांना ना वरचा मजला ना खालचा. वाईट वाटलं, पण वाचता येतं.

रंगाचं थोडक्यात: स्टीमचं पान गडद निळं. त्यावर रात्रीची निळी चित्रं विरघळतात. मी गाडीतल्या दिव्याचा पिवळा घेतला.

मोठं चित्र कापून सगळी मापं काढता येतील असं वाटतं, येत नाहीत. एक आडवं, एक उभं, एक पट्टीसारखं. हात, माणसं, पार्श्वभूमी आणि नाव असे चार थर (लेयर) वेगळे ठेवा आणि प्रत्येक मापात नव्यानं मांडा. दुसऱ्याकडून काढून घेत असाल तर थरांची फाइल मिळणार हे पैसे ठरवतानाच लिहून घ्या. माझ्या एका मित्राला सपाट जेपीजी मिळालं आणि उभ्या मापात त्याच्या राजकन्येचं कपाळ गेलं. डावीकडचा वरचा कोपराही मोकळा ठेवा. तिथं स्टीम आपल्या चिठ्ठ्या चिकटवतं.

पुरस्कार, परीक्षणातले तारे, ‘५० टक्के सूट’ असलं काही कव्हरवर लिहू नका. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमवर त्याला मनाई आहे. फक्त गेमचं नाव आणि असलं तर उपनाव. मोठं अपडेट आलं तर काही दिवसांपुरतं वेगळं चित्र लावता येतं, त्याची सोय निराळी आहे.

मग परीक्षा. शोधाच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, आपल्याच प्रकारचे गेम असलेला. मधल्या एकाच्या जागी आपलं कव्हर चिकटवा आणि गेम न खेळणाऱ्या पाचसहा जणांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. ‘कसं वाटतंय?’ विचारू नका. सगळे ‘मस्त’ म्हणतात. ‘यात काय करायचं असेल?’ असं विचारा. माझ्या मावशीचं उत्तर आलं, “तिकीट न काढलेल्याला धरायचं.” तेव्हा कव्हर बदललं. पुढे स्टीमच्या रहदारीच्या (ट्रॅफिक) पानावर किती जणांना दिसलं आणि किती जण आत आले हे बघता येतं. सेलचे दिवस त्यात मिसळू नका, नाहीतर सेलचं श्रेय चित्राला जाईल.

पहिली चांदण्यातली एसटी फुकट नाही गेली. विकत घेतल्यावर स्टीमच्या लायब्ररीत, म्हणजे आपण घेतलेल्या गेमच्या संग्रहात, गेमच्या डोक्यावर एक लांबरुंद चित्र दिसतं, ३८४० × १२४०. त्यावर अक्षर लिहायचं नसतं आणि खेळणाऱ्याला गेम कसला हे एव्हाना ठाऊक असतं. तिथं ती लावली, गाडी मधोमध येईल अशी, कारण कडा स्क्रीनप्रमाणे कापल्या जातात. खिडक्यांत दुसऱ्या कव्हरचाच पिवळा उजेडही भरला. आबांना दाखवलं. पुन्हा मोबाइल लांब.

“मुक्कामाला गाडीत दिवा कोण चालू ठेवतंय लेका? बॅटरी उतरली तर सकाळी धक्का तू मारणार हाईस?”

दिवा पुसला. आता फक्त टपावर झोपलेल्या कंडक्टरच्या उशाशी एक बॅटरी आहे, तीही बंद.