घरी वाजवण्यासाठी कमी वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेताना या चुका टाळा

५ वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प घरी आणला की आवाजाचा प्रश्न सुटला, असे अनेक गिटारवादक धरून चालतात आणि पहिली चूक तिथेच होते. आवाज वॅटच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वॅट दहापट झाले तर १० डेसिबलची भर पडते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजेच ५० वॅटऐवजी ५ वॅटचा अ‍ॅम्प घेतला, तरी पूर्ण उघडल्यावर तो जेमतेम निम्म्यावर येतो. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (१ वॅटला मीटरभर अंतरावर ९७ डेसिबल देणाऱ्या) स्पीकरला ५ वॅट मिळाले, तर मीटरभर अंतरावर १०४ डेसिबल ऐकू येतात, आणि आपले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. १ वॅटचा अ‍ॅम्पही पूर्ण उघडला तर लहान खोलीला पुरून उरतो.

म्हणून वॅटचा आकडा पाहण्यापेक्षा, आवाज कुठल्या टप्प्यावर फाटतो, म्हणजे डिस्टॉर्शन कुठे येते, हे आधी पाहावे. फेंडर कंपनीच्या चँप या लहान अ‍ॅम्पच्या ५एफ१ या जुन्या सर्किटमध्ये एक १२एएक्स७ (गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्प भागाचा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह) आणि एक रेक्टिफायर (वीज एकदिश करणारा) व्हॉल्व्ह, आणि बाहेर व्हॉल्यूमचा एकच नॉब. अशा अ‍ॅम्पमध्ये हवाहवासा फाटलेला सूर हवा असेल तर आवाज चढवण्यावाचून गत्यंतर नसते. माझा पहिला अ‍ॅम्प याच जातीचा होता. नॉब तीनपर्यंत असेल तोवर सूर स्वच्छ राही आणि सहाच्या पुढे तो खरा बोलू लागे. पण त्या सहावर शेजारच्या खोलीत कुणाला फोनवर बोलणेही अशक्य होई, त्यामुळे ज्यासाठी तो घेतला होता तो सूर मला क्वचितच ऐकायला मिळाला.

आपल्याला प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होणारे डिस्टॉर्शन आवडत असेल तर मास्टर व्हॉल्यूम असलेला अ‍ॅम्प घ्यावा. गेन, म्हणजे प्रीअ‍ॅम्पची पातळी, वाढवून मास्टर, म्हणजे एकूण आवाज, खाली ठेवता येतो. पॉवर व्हॉल्व्ह ताणले गेल्यावर येणारा मऊ, दबलेला सूर आवडत असेल, तर अ‍ॅम्पमध्येच शक्ती कमी करण्याची सोय हवी किंवा अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये शक्ती शोषून घेणारा अ‍ॅटेन्युएटर लावावा लागेल. मात्र निम्म्या शक्तीचे बटण दाबले की फक्त ३ डेसिबल कमी होतात, हे लक्षात ठेवावे. तेवढ्याने घरातल्यांची तक्रार थांबत नाही. दुकानात अ‍ॅम्प तपासताना तो जोरात वाजवून भारावून जाण्याऐवजी, बोलण्याच्या पातळीवर ठेवून निदान पंधरा मिनिटे ऐकावा, कारण घरी तो त्याच पातळीवर वाजणार आहे.

हळू आवाजात सूर पातळ वाटला की दोष अ‍ॅम्पला दिला जातो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की, आवाज कमी असताना कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर मंद ऐकू येतात. त्यामुळे टोनचे नॉब जोरात वाजवताना लावून तसेच ठेवू नयेत, ज्या पातळीवर वाजवायचे त्याच पातळीवर ते पुन्हा लावावेत. ८ इंची स्पीकरचा कॉम्बो (एकाच पेटीतला अ‍ॅम्प आणि स्पीकर) जमिनीवर ठेवला तर त्याचा आवाज गुडघ्यांवर आदळतो. तो खुर्चीवर, कानाच्या रोखाने ठेवावा. एक्स्टेंशन जॅक (बाहेरचा स्पीकर जोडण्याची जागा) असेल तर १२ इंची स्पीकरची कॅबिनेट जोडून पाहावी, लहान अ‍ॅम्पमध्ये याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. आवाज कमीच ठेवायचा असेल, तर कमी संवेदनशीलतेचा स्पीकर घ्यावा: १०० ऐवजी ९४ डेसिबलचा स्पीकर लावणे म्हणजे शक्ती एक चतुर्थांश केल्यासारखेच आहे.

यापुढच्या चुका खिशाला आणि जिवाला महागात पडतात. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ८ ओहमच्या जॅकला ८ ओहमचाच स्पीकर जोडावा आणि तोही स्पीकरच्या केबलने. गिटारची केबल तिथे चालत नाही. हेडफोन त्यासाठी खास दिलेल्या जॅकलाच लावावा. परदेशातून आणलेल्या अ‍ॅम्पचे मेन्स व्होल्टेज तपासल्याशिवाय प्लग लावू नये, आणि फ्यूज उडाला तर त्याच मूल्याचा आणि त्याच प्रकारचा घालावा. आतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात, म्हणून माहितगार नसलेल्याने चासी (आतला धातूचा सांगाडा) उघडू नये.

अ‍ॅम्प गुणगुणत असेल, तर आधी व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही गुणगुण राहिली, तर ती बहुधा पॉवर विभागातून येते, आणि एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ती थोडी असणारच, कारण पुश-पुल (पॉवर व्हॉल्व्ह जोडीने, आळीपाळीने चालणाऱ्या) रचनेत वीजपुरवठ्याचा तरंग जसा परस्पर रद्द होतो तसा इथे होत नाही. गुणगुण थांबली, तर गिटार, केबल किंवा प्रीअ‍ॅम्पकडे पाहावे. सिंगल-कॉइल पिकअपची गिटार हातात धरून हळूहळू वळवली आणि आवाज कमी-जास्त झाला, तर दोष अ‍ॅम्पचा नाही. टणत्कारासारखा आवाज येत असेल, तर अ‍ॅम्प चालू असताना पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने प्रत्येक प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हवर अलगद टिचकी मारावी. जो स्पीकरमधून ठणठण वाजेल तो बदलावा. नॉब एकवरून दोनवर नेताच आवाज एकदम उसळत असेल, तर पहिल्या ईसीसी८३ च्या (१२एएक्स७ चेच दुसरे नाव) जागी ५७५१ किंवा १२एवाय७ बसवून पाहावा. ईसीसी८३ चा प्रवर्धनांक (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००, ५७५१ चा ७० आणि १२एवाय७ चा सुमारे ४४ असल्यामुळे नॉबचा उपयोगी पल्ला वाढतो. पिनांची रचना तीच असते, म्हणून सोल्डरिंग लागत नाही. मात्र व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी अ‍ॅम्प बंद करून प्लग काढावा आणि काच थंड होऊ द्यावी.