घरच्यांना घेऊन आकाशदर्शनाला जाताना

तारीख ठरवताना आधी तिथी बघा, रविवार नंतर. बरेच जण हौसेने पौर्णिमा निवडतात, आणि तीच रात्र दुर्बिणीसाठी सर्वांत निरुपयोगी. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, विवरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि सगळा चंद्र सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीला अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, विवरं खोल कोरल्यासारखी उठून दिसतात. मुंबईतच गच्चीवर किंवा मैदानात संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर त्यासाठी हेच दिवस घ्या. शहराच्या उजेडात तारे फारसे दिसत नाहीत, पण चंद्र, गुरू आणि शनी यांना त्या उजेडाने काही फरक पडत नाही.

तारे बघायचे तर अमावास्येच्या जवळची रात्र हवी आणि शहराबाहेर पडायला हवं. खगोल मंडळासारख्या संस्था वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करत आल्या आहेत. नोव्हेंबर ते मार्च हा उत्तम काळ. बालवाडीतली मुलं असतील तर आधी शहरातला दोन तासांचा कार्यक्रम करा. तिसरी-चौथीपासून पुढची मुलं रात्रभराच्या कार्यक्रमात रमतात, असं माझं मत आहे.

नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारून घ्या: स्वच्छतागृह किती लांब आहे, पाठ टेकायला आडोसा आहे का, आणि जेवणाची सोय आहे की डबा न्यायचा. आजी-आजोबा बरोबर असतील तर घडीची खुर्ची घ्याच. मान वर करून तासभर उभं राहणं त्यांना जमणार नाही.

पिशवीत काय असावं

मुंबईत घाम येत असला तरी स्वेटर आणि कानटोपी प्रत्येकाची. उघड्यावर मध्यरात्रीनंतर दव पडतं, सतरंजी दमट होते. खाली प्लॅस्टिक आणि वर एक जादा चादर असू द्या. दशम्या, चटणी, थर्मासमध्ये चहा. डासांचं क्रीम लावल्यावर हात पुसा, कारण तेलकट बोट दुर्बिणीच्या भिंगाला लागलं तर पुढच्या सगळ्यांना धूसर दिसतं.

टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन पेपर दुहेरी-तिहेरी बांधा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती सगळी मेहनत घालवतो, तुमची आणि शेजारच्यांचीही. मुलांना हे कारण घरीच सांगून ठेवा. कारण कळलं की ती मोठ्यांपेक्षा कडक पहारा ठेवतात.

जाताना सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोली लोकल धरा. वांगणी बदलापूरच्या पुढे आहे, त्यामुळे बदलापूर लोकल उपयोगाची नाही. मुलं आणि सामान बरोबर असेल तर संध्याकाळच्या गर्दीआधी, चारच्या आत निघा.

रांगेत उभं असताना

दुर्बिणीपाशी रांग लागणारच. तो वेळ वाया जातोय असं समजू नका. घरच्यांनी एकत्र बघायचं आकाश खरं तर तेव्हाच मिळतं. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला मृग नक्षत्र उंच आलेलं असतं. त्याच्या पोटात एका ओळीत तीन तारे, तो बाण. त्या ओळीच्या रेषेत खाली आलात की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. उलट दिशेला गेलात की तांबूस रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. हरणाची आणि व्याधाची गोष्ट आजीला सांगू द्या, आणि कृत्तिकांमधले तारे कोणाला किती दिसतात ते सगळ्यांनी मोजा.

मग मुलांना मूठ मोजायला शिकवा. हात ताठ केला की मूठ साधारण १० अंशांची होते. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा किंचित खाली ध्रुव, कारण ध्रुवाची उंची जागेच्या अक्षांशाइतकी असते आणि मुंबई १९ अक्षांशावर आहे. आता दक्षिणेला वळा: जवळजवळ तेवढ्याच उंचीवर अगस्ती, तेजस्वितेत दुसरा. लंडनहून तो कधीच दिसत नाही.

दुर्बिणीला डोळा लावताना

हात पाठीमागे ठेवा, नळीला धरू नका. जराशा धक्क्यानेही चित्र हलतं. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, त्यावर तळहात धरा. शनीची कडी दिसली की मुलं ओरडतातच, ओरडू द्या. गुरूचे चार चंद्र एका रेषेत दिसतात, १६१० साली गॅलिलिओने पाहिले तेच.

मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, मात्र फोटोतल्यासारखा गुलाबी दिसत नाही, राखाडी धुरकट डाग दिसतो. हे आधी सांगितलं नाही तर मुलं हिरमुसतात. डोळा थेट न रोखता किंचित बाजूला वळवला की तो जास्त पसरलेला दिसतो. साधारण १३०० प्रकाशवर्षांवरचा तो उजेड बदामीच्या चालुक्यांच्या काळात तिथून निघालेला आहे.

आणि काही दिसलं नाही तर तसं सांगा. पृथ्वी फिरत असल्याने ग्रह दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर सरकतो, स्वयंसेवक तो पुन्हा आणून देतात. मागे रांग आहे म्हणून संकोचाने “दिसलं” म्हणून बाजूला होणारी मुलं असतात, मोठी माणसंही असतात. त्यांनी त्यासाठीच इतकी वाट पाहिलेली असते. “नाही दिसलं” म्हणायला मुलांना घरातूनच शिकवून न्या.

मध्यरात्रीनंतर मुलं पेंगली तर झोपू द्या. पहाटे चारला उठवून आग्नेयेला वृश्चिक दाखवा. विंचवाची नांगी ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. परतताना सकाळचीच लोकल घ्या, कारण रविवारी मेगाब्लॉक असला तर उशिरा निघणाऱ्यांचे झोपाळू मुलांसह हाल होतात.