कुंडीतला अनंत: पानं पिवळी का पडतात आणि त्यावर काय करायचं

रोप पावसाच्या तोंडावर आणा. बारा इंची कुंडी, तळाला भोकं, जागा सकाळच्या उन्हाची. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट. लावा, पाणी द्या. इथवर कुणीच चुकत नाही.

घोडं अडतं ते तीन-चार महिन्यांनी. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. माझा पहिला अनंत पुण्यात असाच गेला. 'खत कमी पडतंय' म्हणून मी शेणखत ओतलं, अंड्याची टरफलं घातली, चुलीची राखही घातली. रोप आणखी पिवळं. मग रत्नागिरीला मावशीच्या विहिरीकाठचा अनंत पाहिला. कोणी बघत नाही त्याच्याकडे, तरी पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी, अनंताला हवी तशी. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते ना, ते हेच क्षार. त्यांनी माती आम्लधर्मी राहत नाही, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, म्हणून नवी पानं पिवळी. टरफलं आणि राख म्हणजे त्यात आणखी चुना, आगीत तेल. पाणी रात्रभर ठेवून घालायचा सल्लाही फुकट. क्लोरीन उडतं, क्षार बादलीतच राहतात.

पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच घाला. नाहीतर बादलीभर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व. पिवळेपणा दिसला की लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. उन्हात फवारलंत तर पानं करपतील. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत (आमच्या गॅलरीत अजून आहेत). जुनी पिवळी पानं हिरवी व्हायची वाट बघू नका, नवी कशी येतात ते पाहा. त्यातूनही सुधारलं नाही तर माती बदला. मातीत घालायचंच असेल तर रोपवाटिकेत ईडीडीएचए चिलेटेड लोह (क्षारी मातीतही मुळांना उचलता येणारं लोह) मागा. नुसतं हिराकस क्षारी मातीत लगेच निकामी होतं.

कळ्या धरल्यावर कुंडी हलवायची नाही. 'जरा उन्हात सरकवू' म्हणालात की हिरव्या कळ्या टपाटप गळतात. माती सुकू देऊ नका, चिखलही नको.

पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर नीमतेल. छाटणी फुलं संपल्या संपल्या. उशीर केलात तर पुढच्या कळ्याच कापाल.