पिकअप ट्रक गॅस घ्यायचा का डिझेल? ट्रेलर ओढणाऱ्यांनी या चुका टाळा

इकडे अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर नाहीतर बोट घ्यायचं ठरलं की पाठोपाठ प्रश्न येतोच, ओढायची कशाने? मग पिकअप ट्रक बघणं सुरू होतं, आणि गॅस का डिझेल यावर घरात, मित्रांत, ऑफिसात जो भेटेल त्याच्याशी चर्चा. (गॅस म्हणजे इथलं पेट्रोल.) माझं मत आधीच सांगून टाकतो, बहुतेक लोक ट्रक निवडतात वर्षातल्या मोजक्या वीकेंडांकडे बघून आणि चालवतात मात्र सोमवार ते शुक्रवार ऑफिसला, आणि पुढचे जवळजवळ सगळे घोटाळे तिथूनच निघतात.

मायलेज जास्त म्हणून डिझेल परवडेल असं धरून चालणं

भारतातून आलेल्या आपल्या माणसाच्या डोक्यात हिशोब पक्का बसलेला असतो, रनिंग जास्त असेल तर डिझेल घ्या. तिकडे वर्षानुवर्षं डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त मिळायचं त्यामुळे तो हिशोब बरोबरच होता. इथे उलटं आहे. डिझेलवर फेडरल टॅक्स गॅलनला २४.४ सेंट, गॅसवर १८.४ सेंट, आणि पंपावर डिझेलचा भाव बहुतेक वेळा वरच असतो, २०२२ च्या जूनमध्ये गॅस पाच डॉलरला टेकलं तेव्हा डिझेल साडेपाचच्याही वर गेलं होतं. एका गॅलन डिझेलमध्ये एनर्जी साधारण १४ टक्के जास्त असते आणि डिझेल इंजिनही ती जास्त चांगली वापरतं, म्हणून मायलेज जास्त मिळतं हे खरंय, पण त्यातून खिशात किती राहतात ते एकदा कागदावर मांडून बघा.

समजा वर्षाला १२,००० मैल चालवता. मोठ्या ट्रकला, म्हणजे फोर्ड एफ-२५० किंवा २५०० च्या वर्गातल्या, गॅसवर गॅलनला १३ मैल आणि डिझेलवर १६ मैल मायलेज धरू. गॅस लागेल ९२३ गॅलन, डिझेल ७५० गॅलन. गॅस ३.२० डॉलरने आणि डिझेल ३.८० ने लावलं तर एकीकडे २,९५४ आणि दुसरीकडे २,८५० डॉलर. वर्षाला वाचले शंभर! आणि डिझेल इंजिनसाठी शोरूममध्ये जास्तीचे मोजले साधारण दहा हजार. शिवाय ऑइल चेंजला गॅसच्या सात-आठ क्वार्टऐवजी दहा ते तेरा क्वार्ट ऑइल, फ्युएल फिल्टर वेगळे, डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं लिक्विड) वेगळं. तुमच्याकडचे भाव आणि तुमचे मैल टाकून करा, उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. विकताना डिझेलला भाव जास्त येतो आणि त्या दहातले बरेचसे परत मिळू शकतात हे मला मान्य आहे, पण ते मायलेजमुळे नव्हे. डिझेल घ्यायचं असेल तर वजनासाठी आणि घाटासाठी घ्या.

आणि हो, या मोठ्या ट्रकच्या खिडकीवर ईपीएचा (सरकारी पर्यावरण खात्याचा) मायलेजचा आकडा शोधू नका, भरलेल्या गाडीची वजनमर्यादा ८,५०० पाउंडच्या वर असलेल्या पिकअपला ते लेबलच लागत नाही. त्यामुळे सेल्समन सांगतो तो आकडा म्हणजे त्याचा अंदाज, एवढंच.

टोइंगचा मोठा आकडा बघून भुलणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. जाहिरातीत असतं "११,००० पाउंड ओढतो", आपण म्हणतो आपला ट्रेलर तर ७,००० चा, दोन तृतीयांशसुद्धा नाही, आरामात. पण ट्रक कमी पडतो तो ओढण्यात नाही, पाठीवर घेण्यात.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं, टायर आणि वजनाचं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडच्या वर जाता कामा नये. तोच पेलोड, आणि तो त्या एकाच ट्रकचा असतो, त्याच मॉडेलच्या शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा आकडा वेगळा निघतो कारण याला सनरूफ आहे, त्याला नाही. हाफ-टन ट्रकवर, म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० वगैरे, समजा १,६०० लिहिलंय. आता ७,००० पाउंडचा भरलेला ट्रेलर हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, किती टेकतो? (तेही या पेलोडमध्येच धरायचं.) दहा ते पंधरा टक्के टेकायलाच हवा नाहीतर हायवेवर डोलायला लागतो. १३ टक्के धरा, ९१० पाउंड. घरची चार माणसं ५८०. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचा भार पुढच्या चाकांवरही वाटून देणारी जोडणी) स्वतःच ९० च्या आसपास. झाले १,५८०. उरले वीस पाउंड, आणि अजून जनरेटर, कूलर, पोरांच्या सायकली ठेवायच्याच आहेत. इंजिन अजून दमलेलंसुद्धा नाही आणि ट्रक भरला.

ट्रेलरच्या ब्रोशरमधलं "ड्राय वेट" पण डोळे झाकून धरू नका, ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० वाढले, मग प्रोपेनच्या टाक्या, बॅटऱ्या, भांडीकुंडी, गाद्या-पांघरुणं. हिशोब करताना ट्रेलरचं भरलेलं कमाल वजन घ्या, त्याच्या प्लेटवर छापलेलं असतं.

बरं मग डिझेल घेतलं तर सुटेल का? इथेच लोक फसतात. थ्री-क्वार्टर टन ट्रकची, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० ची, वजनमर्यादा बरेचदा १०,००० पाउंडला बांधलेली असते आणि डिझेल इंजिन त्याच ट्रकच्या गॅस इंजिनपेक्षा काही शे पाउंड जड, म्हणजे ते सगळे तुमच्या पेलोडमधून वजा. सगळे शौक केलेल्या डिझेल एफ-२५० वर स्टिकर २,००० च्या आसपास असलेलं बघायला मिळतं. त्यावर १२,००० पाउंडचा फिफ्थ व्हील (ट्रकच्या बेडमध्येच जोडायचा मोठा ट्रेलर) लावायचा म्हटलं तर त्याची पिन १५ ते २५ टक्के टेकते, २० धरली तरी २,४००. माणसं बसायच्या आधीच मर्यादा ओलांडली. एवढा ट्रेलर असेल तर वन-टन, म्हणजे एफ-३५० किंवा ३५००, तिकडे जा, आणि पेलोडच हवा असेल आणि घाट फारसे नसतील तर मोठ्या ट्रकचं गॅस इंजिन अजिबात वाईट नाही, फोर्डचं ७.३ किंवा जीएमचं ६.६, लोक उगाच त्यांना टाळतात.

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, एसएई जे-२८०७ नावाच्या स्टँडर्डने मोजलेला असतो, त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढसुद्धा चढवावा लागतो. पण त्यात ट्रकमध्ये धरतात दोन माणसं, प्रत्येकी १५० पाउंडची. तुमची मागची सीट त्यात नाही.

शंका असेल तर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, जा, बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर असतो, पंधरा डॉलरच्या आसपास घेतात. पुढची चाकं पहिल्या प्लेटवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर, तिन्हीचा वेगवेगळा आकडा छापून मिळतो. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या ट्रकचं वजन करा, पहिल्या वेळच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या बेरजेतून ते वजा केलं की हिचवर नक्की किती येतंय ते कळतं. ट्रेलर डोलतोय आणि हा आकडा दहा टक्क्यांच्या खाली आला तर सामान ट्रेलरच्या पुढच्या बाजूला सरकवा आणि परत मोजा, डोलणं रोखणारे महागडे स्वे बार घ्यायच्या आधी हे करा.

ऑफिस पाच मैलांवर आणि ट्रक डिझेल

२००७ पासूनच्या डिझेल पिकअपना डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल जाळून त्याला साधारण ६०० डिग्री सेल्सियसपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते, याला रीजन म्हणतात. हे व्हायला सलग वीस-तीस मिनिटं चांगल्या स्पीडने गाडी चालावी लागते. आता तुमचा रस्ता बघा, घर ते ऑफिस पाच मैल, मध्ये पोरांची शाळा, आठ सिग्नल. इंजिन धड तापायच्या आत पार्किंग आलं, रीजन सुरू झालेलं मध्येच तुटलं, संध्याकाळी परत तेच. असं महिनोन्‌महिने चाललं की फिल्टर चोंदतो, शिवाय रीजनसाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइलची लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे, ऑइल लवकर बदलून घ्या.

फिल्टर भरत आल्याचा मेसेज आला तर त्याच दिवशी हायवेला काढा आणि अर्धा तास ताशी ५५-६० मैलांनी सलग चालवा, मेसेज गेला तर प्रश्न मिटला. दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि मग डीलरकडेच न्यावी लागते, आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर बिल हजारांत. थंडीत नुसती सुरू करून अर्धा तास आयडलवर ठेवायची सवयही सोडा, त्याने इंजिन तापत नाही, काजळी मात्र जमते. रोजचं अंतर असंच छोटं असेल आणि वर्षातून थोडेच वेळा ट्रेलर लावणार असाल तर गॅसच घ्या, मी तरी कोणालाही हेच सांगेन.

उलट रोज तीस-चाळीस मैल हायवे असेल तर डिझेल मजेत राहतं. त्यातही मोठा ट्रक नको असेल तर जीएमच्या १५०० मध्ये ३.० ड्युरामॅक्स मिळतं, त्याचा हायवेचा ॲव्हरेज खरंच चांगला आहे आणि गॅस इंजिनपेक्षा किमतीचा फरक मोठ्या ट्रकइतका नाही, तिथे माझं वरचं शंभर डॉलरचं गणित बदलतं. फोर्ड आणि रॅमने हाफ-टनातली त्यांची ३.० डिझेल बंद केली, त्यामुळे ती आता जुन्यातच मिळतील.

आणि रोजच्या वापराचं बोलतोय तर गॅरेज मोजा. एफ-२५० क्रू कॅब छोट्या बेडसकट साधारण २५० इंच लांब असतो, जवळजवळ २१ फूट, आणि बऱ्याच घरांची गॅरेजं आतून वीस फुटांच्या आसपास असतात.

घाटात गॅस चालतच नाही असा समज

कोलोरॅडोत आय-७० वर डिलनहून आयझेनहॉवर टनेलकडे चढताना ७ टक्क्यांचा चढ आहे आणि टनेल ११,००० फुटांच्या वर. साधं, टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश गायब. डिझेलला टर्बो असतो म्हणून ते तिथे टिकतं, पण टर्बो गॅसलाही असतो, एफ-१५० चं ३.५ इकोबूस्ट घ्या, ते हाफ-टनाच्या वजनात चढ नीट काढतं. तेव्हा घाट असेल तर पहिला प्रश्न टर्बो आहे का हा.

डिझेलचा खरा फायदा मला उतारावर वाटतो, एक्झॉस्ट ब्रेक. बटण दाबलं की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला हात लावायची, म्हणजे पाय लावायची फारशी गरज पडत नाही. गॅसमध्ये टो-हॉल मोड लावा, गाडी गियर खाली आणेल आणि इंजिन ४,००० आरपीएमच्या वर ओरडेल, घाबरू नका, बिघडलं नाहीये, ते त्याचं कामच आहे. ब्रेकचा करपल्यासारखा वास यायला लागला तर मात्र बाजूला थांबा आणि थंड होऊ द्या.

नॉझल आणि थंडी

बऱ्याच पंपांवर डिझेलचं हँडल हिरवं असतं, पण बीपीवर गॅसचंच हिरवं, त्यामुळे रंग बघू नका, नाव वाचा. चुकून दुसरं भरलं गेलं तर गाडी सुरू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका, टो करून टाकी रिकामी करून घ्या. डीईएफ निळ्या झाकणात जातं, डिझेलच्या टाकीत गेलं तर अख्खी फ्युएल सिस्टिम बदलायची वेळ येऊ शकते. आणि मिनेसोटासारख्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो, तिथले पंप हिवाळ्यात वेगळं ब्लेंड देतात, पण टेक्ससमध्ये भरलेली टाकी घेऊन डिसेंबरात वर गेलात तर अँटी-जेल आधीच टाका, गोठल्यावर टाकून उपयोग नाही.

जुना डिझेल स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं

स्वस्त का आहे ते बघा. बऱ्याच जुन्या डिझेलमधून डीपीएफ आणि डीईएफची सिस्टिम काढून टाकलेली असते, याला डिलीट म्हणतात, आणि विकणारा ते फायदा म्हणून सांगतो, मायलेज वाढलं, कटकट गेली. क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदा आहे, एमिशन टेस्टवाल्या ठिकाणी अशी गाडी नापास होते, आणि बरेच डीलर तिला हातही लावत नाहीत. गाडीखाली वाकून बघा, जाडजूड डब्यांच्या जागी सरळ नवा पाइप दिसला की समजा. तसंच २०१९-२० चा रॅम ६.७ कमिन्स बघत असाल तर त्याच्या हाय-प्रेशर फ्युएल पंपाचा रिकॉल झाला होता, गाडीचा व्हीआयएन नंबर एनएचटीएसएच्या (सरकारी रस्ता सुरक्षा खात्याच्या) साइटवर टाकून ते काम झालंय का ते पैसे द्यायच्या आधी बघून घ्या.