कार्बन फायबरच्या बॉनेटची दुरुस्ती: या चुका टाळा

पत्र्याला पोचा आला की डेंटर मागून ठोकून तो वर काढतो. प्लॅस्टिकचा बंपर फाटला की तापवून जोडतो. हाताला लागलेली हीच सवय कार्बन फायबरवर चालवली की धडकेने झालं नसेल एवढं नुकसान दुरुस्तीत होतं. कार्बनला पोचा येत नाही, तो तडकतो. त्यातलं इपॉक्सी, म्हणजे धागे जखडून ठेवणारं रेझिन, एकदा कडक झालं की तापवून नव्या आकारात बसत नाही. फार तापवलं तर जळतं. त्यामुळे हातोडी आणि हीट गन आधी बाजूला ठेवा.

काम हातात घेण्यापूर्वी पॅनेल खरंच कार्बनचं आहे का, ते बघा. बाजारातली बरीच 'कार्बन बॉनेटं' म्हणजे वर कार्बनचा एक थर आणि खाली साधं ग्लास फायबर असतं. काहींवर तर नुसती छापील फिल्म. बॉनेट उघडून मागची बाजू पाहिली की ग्लास फायबरची पांढरट जाळी लगेच दिसते.

मग तडा किती खोल आहे ते पाहा. वॉटर पेपरने क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, हलकेच घासा. क्लिअरबरोबर रेघही गेली तर विषय संपला, नवा क्लिअर मारा. रेघ काळ्या धाग्यांत उतरली असेल तर नाणं घ्या आणि आजूबाजूला टकटक करत फिरा. थर एकमेकांना धरून असतील तिथे खणखणीत वाजतं, सुटले असतील तिथे बद्द. तेवढा भाग टेप लावून आखा. आतली फ्रेम चिकटवलेल्या जागी आवाज मुळातच वेगळा येतो, म्हणून तडा डावीकडे असेल तर उजवीकडच्या त्याच जागेशी ताडून बघा. समोर बोटभर तडा आणि मागे तळहाताएवढा भाग सुटलेला, हे नेहमीचं आहे. मागची बाजू न बघता दिलेल्या एस्टिमेटवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तड्यात लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं. पॅनेलची ताकद अखंड धाग्यात असते आणि लांबीत धागाच नसतो. गाडी हादरत राहते, रेघ पुन्हा वर येते. तुटलेल्या धाग्यांवर नवे धागे पसरून चिकटावेत म्हणून कडा उतरत्या घासाव्या लागतात: जाडीच्या किमान वीसपट. म्हणजे 1 मिमी जाडीला तड्याच्या प्रत्येक बाजूला 20 मिमी, जागा असेल तर त्याहून जास्तच. 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) वजनाच्या, तिरक्या विणीच्या ट्विल कापडाचा एक थर साधारण पाव मिमीचा, तेव्हा असे चार थर लागतील, आणि त्यांची दिशा मुळातल्या थरांसारखीच हवी. वीण दिसणारं पॅनेल असेल तर शक्यतो हे काम मागून करा. समोरची बारीक रेघ मग पूर्ण लपणार नाही, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावं.

रेझिनमध्येही घोळ होतो. बंपरवाल्या फायबर कारागिराकडे पॉलिस्टर असतं. ते जुन्या इपॉक्सीला नीट धरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखं सुटतं. इपॉक्सीच वापरा. पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडा वाढवला की काम लवकर होतं, इपॉक्सीत तसं होत नाही. डब्यावर वजनाने 100 ला 30 लिहिलं असेल तर काट्यावर 100 ला 30च. जास्तीचा हार्डनर आत तसाच राहतो आणि थर मऊ पडतो. कालवलेलं रेझिन खोल डब्यात ठेवून चहाला जाऊ नका, ते तापून धूर सोडतं.

दुसऱ्या दिवशी थर चिकट लागला तर आधी प्रमाण, मग अर्धवट कालवणं, मग थंडी, या क्रमाने संशय घ्या. पावसाळ्यात मात्र वर नुसता मेणचट थर येतो. तो आधी पाणी आणि स्क्रबरने धुवा, मगच घासा; आधी घासलात तर तो पेपरबरोबर पसरतो आणि रंग धरत नाही. उन्हात कापडाची वीण रंगातून वर दिसू लागली तर रेझिन नीट पिकलेलं नाही. खोलीच्या तापमानाला सेट झालेलं बरंच इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात काळं बॉनेट त्यापुढे सहज जातं. म्हणून रेझिनच्या डेटा शीटप्रमाणे हळूहळू तापमान वाढवत पोस्ट-क्युअर करा, म्हणजे सेट झालेला थर पुन्हा तापवून पक्का करा, पॅनेलला आकाराप्रमाणे आधार देऊन. पिवळेपणा टाळायला उन्हातले यूव्ही किरण रोखणारा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर लागतो.

रंग काढायला केमिकल रिमूव्हर लावू नका, तो इपॉक्सीलाही खातो. घासताना मास्क आणि चष्मा हवाच. कार्बनची धूळ वीज वाहून नेते, वायरिंगमध्ये शिरली तर शॉर्ट होऊ शकतं, त्यामुळे पॅनेल गाडीवरून उतरवूनच घासा. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट थेट कार्बनवर बसवला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं; मध्ये ग्लास फायबरचा एक थर द्या.

हे सगळं बॉनेट, स्पॉयलर, आरशाच्या कव्हरांपुरतं. 2013 साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय3चा प्रवासी कक्ष किंवा मॅकलारेनचा टब (गाडीचा मुख्य सांगाडा) कार्बनचा आहे, तिथे कंपनीच्या पद्धतीशिवाय हात लावू नये. आणि बॉनेटचा तडा लॅचपर्यंत (बॉनेट बंद ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत) किंवा बिजागरीपर्यंत गेला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी हायवेवर काढू नका. दुरुस्तीनंतरही बॉनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या दोन बॉनेट पिन बसवून घ्या.