मोनोग्राम हातात आल्याशिवाय ड्रिल उचलू नका

आयटीआयला फिटर ट्रेड केला आणि भायखळ्याच्या एका गाळ्यात जुन्या मोटारसायकली नव्याने उभ्या करायच्या कामाला लागलो. रोज डोंबिवलीहून ७.१२ची स्लो पकडायचो. पहिल्या दिवशी वाटलं होतं, आठवड्याभरात इंजिन उघडायला मिळेल. मिस्त्रींनी माझ्यापुढे वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एका बुलेटचे दोन मोनोग्राम ठेवले आणि म्हणाले, "हे नीट बसव. मग बघू."

टाकीवर, साइड पॅनलवर किंवा टूलबॉक्सवर कंपनीच्या नावाचा जो धातूचा तुकडा असतो, त्याला कोणी एम्ब्लेम म्हणतं, कोणी बॅज. मुंबईच्या गॅरेजात तो मोनोग्रामच. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी मी हे लिहितोय, कारण गाडी पूर्ण झाल्यावर मालक सगळ्यात आधी हात तिथेच फिरवतो. आणि हे काम शेवटी करायचं असतं, असं समजून सगळे तिथेच चुकतात. मीही चुकलो.

माझी चूक सांगतो. काळ्या रंगाचं साइड पॅनल होतं. जुना मोनोग्राम तुटलेला, नवा मागवलेला. डेंटरने जुनी भोकं बुजवून पत्रा सपाट केला होता, पेंटरने रंग मारून पॅनल आरशासारखं करून दिलं. नवा मोनोग्राम त्यानंतर आला. त्याच्या पिना, म्हणजे मागचे भोकात जाणारे बारीक खुंट, जुन्या जागी बसणाऱ्या नव्हत्या, म्हणून मी मास्किंग टेप लावली, खूण केली आणि रंगावरच ड्रिल टेकवली. बिट घसरली. चार-पाच सेंटिमीटरचा पांढरा ओरखडा, खाली प्रायमर दिसेपर्यंत. गाडी मालकाच्या वडिलांची होती आणि ते त्या शनिवारी न्यायला येणार होते. पॅनल पुन्हा घासून, प्रायमर मारून, रंगवून मिळायला तीन आठवडे गेले, कारण पावसाळा होता. मिस्त्री ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रंगानंतर ड्रिल लागली म्हणजे काम रंगाच्या आधीच चुकलंय."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. जो मोनोग्राम बसणार आहे तोच, फोटो नव्हे, त्याच्यासारखा दुसराही नव्हे, आधी हातात. मग उघड्या पत्र्यावर भोकं, तिथेच बसवून बघणं, काढणं, आणि मग पॅनल पेंटरकडे. नवीन बनवलेले मोनोग्राम दिसायला जुन्यासारखे असतात, पण दोन पिनांमधलं अंतर एक-दीड मिलिमीटरने इकडेतिकडे निघतं. डोळ्यांना ते कळत नाही. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, लावा.

जुना मोनोग्राम काढण्याआधी त्याची जागा मोजून ठेवायची. मी बटर पेपर टेपने पॅनलवर चिकटवतो, पॅनलची कड, बोल्टचं भोक, घडीची रेघ, असं जे हलणार नाही ते पेन्सिलीने उतरवतो आणि मग मोनोग्रामचा आकार. कागदावर तारीख आणि "डावं" किंवा "उजवं" लिहितो. हे लिहिणं फार महत्त्वाचं. डाव्या बाजूचा कागद पालथा घालून उजवीकडे वापरायचा मोह प्रत्येकाला होतो. पण अक्षरं दोन्ही बाजूंना डावीकडून उजवीकडेच वाचली जातात. मोनोग्रामची जागा आरशातल्यासारखी उलटते, अक्षरं आणि त्यामागच्या पिना उलटत नाहीत. तीन पिनांचा मोनोग्राम असेल आणि कागद उलटवलात, तर तिसरं भोक हमखास चुकीच्या जागी पडतं. पंख किंवा बाण असलेले मोनोग्राम वेगळे. त्यांचं तोंड पुढच्या चाकाकडे असतं, म्हणून त्यांच्यात डावा आणि उजवा असे दोन निरनिराळे भाग येतात. विकत घेताना जोडी तपासा, नाहीतर दोन्ही डावे घेऊन घरी याल.

काढताना समोरून ओढायचं नाही. मागे पिनेवर दाबून बसवलेली दातेरी चकती असते, आम्ही तिला क्लिप म्हणतो. ती गंजलेली असते. तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी कटरने क्लिप कापा. क्लिपचा मोह धरू नका, ती दोन-चार रुपयांची वस्तू आहे. पीन मात्र परत मिळत नाही.

पीन का मिळत नाही, हे समजायला मोनोग्राम कशाचा आहे ते ओळखावं लागतं. लोहचुंबक लावलं तर फक्त लोखंडी पत्रा कळतो, पितळ, अॅल्युमिनियम आणि जस्ताचं ओतकाम तिघांनाही ते चिकटत नाही. वजन आणि मागची बाजू बघा. मागे खडबडीत, राखाडी, आणि पिना त्याच ओतकामातून निघालेल्या असतील तर ते जस्त. जस्त वाकत नाही, मोडतं. पॅनलला गोलाई असेल आणि मोनोग्राम सपाट असेल, तर पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर हळूहळू गोलाईत आणता येतो. जस्ताचा आणायला गेलात तर मधून तडा जातो. अशा वेळी दुसरा मोनोग्राम शोधायचा.

पीन मोडलीच तर मागच्या बाजूला, मोडल्या जागी, बारीक भोक पाडून ३ मिलिमीटरचा पितळी आटे असलेला तुकडा अराल्डाइटने बसवता येतो. ओतकामाची जाडी कमी असते, म्हणून बिटच्या टोकापासून २ मिलिमीटरवर टेप गुंडाळा आणि टेप टेकली की थांबा. अराल्डाइटचे दोन्ही भाग सारखे घ्या आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. आटे असलेल्या पिनेचा फायदा असा की मागून नट लावता येतो. चिमटीत धरून जेवढा घट्ट होईल तेवढा आणि वर पाव फेरा. त्याहून जास्त नाही.

क्रोम करायला देताना प्लेटिंगवाल्याशी समोर उभं राहून बोला. जस्त आम्लात विरघळतं. लोखंडी भागाबरोबर एकाच टाकीत बुडवलं तर पिना बारीक होऊन येतात. आणि चकाकी आणायच्या नादात बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, जास्त धरलं तर अक्षरांच्या कडा गोल होतात, मग तो मोनोग्राम साबणासारखा दिसतो. "खोलगट अक्षरात बफ नको, फक्त वरून," एवढं एक वाक्य सांगितलंत तरी पुष्कळ वाचतं. खोलगट भागातला लाल किंवा काळा रंग मी इन्सुलिनच्या सिरिंजने भरतो. सुई कोपऱ्याला टेकवायची, थेंब सोडायचा, रंग आपला आपण कडेपर्यंत पसरतो. वर सांडलेला पुसायला व्हिजिटिंग कार्डाला कपडा घट्ट गुंडाळून थिनरने नुसता ओला करायचा. कार्ड कडक असतं म्हणून कपडा खोलात उतरत नाही. हे काम मी सकाळीच करतो, गाळ्यात धूळ उडायच्या आधी.

आता टाकी. टाकीवर ड्रिल चालवायची नाही. पेट्रोल काढलेल्या रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि एक ठिणगी पुरते. शिवाय भोक पडलं की ती टाकी गेली. ज्या टाकीवर मोनोग्राम स्क्रूने बसतो तिथे आटे असलेली बंद बूच टाकीला मुळातच जोडलेली असतात. स्क्रू लांब घेतला तर तो तळाला टेकतो, मोनोग्राम सैलच राहतो, आणि आपण अजून पिळतो. मग तळ फुटतो किंवा बूच उपटतं. मिस्त्रींनी शिकवलेली युक्ती: आगपेटीतली काडी भोकात तळापर्यंत घाला, कडेशी नखाने खूण करा, काडी काढून मोजा. त्यात मोनोग्रामची जाडी मिळवा आणि एक मिलिमीटर कमी करा. ती स्क्रूची लांबी.

आट्यांचंही तसंच. १९५५ पासून मद्रासला जोडल्या जाऊ लागलेल्या बुलेटचा वंश ब्रिटिश, त्यामुळे तशा जुन्या गाड्यांवर लहान स्क्रू बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या ब्रिटिश मापाचे भेटतात. २ बी.ए.चा व्यास ४.७ मिलिमीटर आणि आट्याचं अंतर ०.८१. आपला नेहमीचा मेट्रिक एम-५ म्हणजे व्यास ५ आणि अंतर ०.८. इतके जवळ की एम-५ दोन फेरे आत जातो आणि वाटतं, थोडा घट्ट आहे, पिळला की जाईल. जातोही, आटे कापत. मूळ आटे संपले की परत येत नाहीत. मैसूरला १९६१ पासून बनलेल्या जावाचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं, तिथे मेट्रिकच. म्हणून आधी गाडीचा वंश विचारा, मग स्क्रूला हात घाला. बी.ए. स्क्रू नागदेवी स्ट्रीटला चिकाटीने विचारत फिरलं तर मिळतात. नमुना खिशात ठेवून जा, तोंडी माप सांगून काम होत नाही.

साइड पॅनलच्या भोकांकडे येतो. पॅनलच्या मागे लाकूड घट्ट दाबून धरायचं, सेंटर पंचाने खळगा करायचा, आधी १.५ मिलिमीटरची बिट, मग मोठी. पीन २.५ची असेल तर भोक ३ची. ही अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक रंगासाठी. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर मिळून भोकाची कड आत सरकते, आणि पीन घासत गेली तर रंगाची कपची उडते. बर, म्हणजे भोकाच्या कडेला उभी राहिलेली धार, दोन्ही बाजूंनी मोठ्या बिटने हातानेच काढा, मशीनने नाही. आणि पेंटरला सांगा की भोकाच्या आतल्या कडेलाही प्रायमर पोचला पाहिजे. आपल्या हवेत, समुद्राच्या खाऱ्या दमटपणात, गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. पॅनलवर वर्षभराने जो फोड दिसतो, तो बहुतेक वेळा मोनोग्रामच्या कडेखालून बाहेर आलेला असतो.

रंग कोरडा झाला म्हणजे पक्का झाला असं नाही. नखाने दाबून बघा, खूण राहिली तर थांबा. पावसाळ्यात मी मालकाला आधीच जास्तीचे दिवस सांगून ठेवतो. जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी त्यांचा दिवस साजरा करतात, आणि जूनच्या शेवटी "तेवढा मोनोग्राम लावून द्या" म्हणत येतात. ओल्या रंगावर मी लावत नाही, कितीही ओळखीचे असले तरी.

बसवताना पॅनल दुमडलेल्या टॉवेलवर पालथं. मोनोग्राम आणि रंगाच्या मधे पातळ रबराचा तुकडा, मोनोग्रामच्या आकाराहून किंचित आत कापलेला, आणि खालच्या बाजूला पाणी निघून जायला एक फट. पितळ थेट लोखंडी पत्र्याला टेकलं आणि मधे खारं पाणी साचलं की पत्रा वेगाने गंजतो, जस्त असेल तर जस्तच खाल्लं जातं, हा तुकडा त्यासाठी. पिनांना ग्रीसचं बोट. मग क्लिप, आणि क्लिपवर पान्याचं लहान सॉकेट ठेवून अंगठ्याने सरळ दाबायचं. हातोडी नाही. दाते पिनेवर चढताना टिक असा बारीक आवाज येतो. एका पिनेवर पूर्ण दाबून मग दुसरीकडे जाऊ नका, दोन्हीकडे थोडं थोडं.

टेपचं विचारतातच. ज्या मोनोग्रामला मुळात पिना होत्या त्याच्या पिना कापून टेप लावणं मला पटत नाही. पण मुळातच चिकटवलेला असेल तर चांगली अॅक्रिलिक फोम टेप घ्या. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, दाबून बसवा. पकड वीसेक मिनिटांत निम्मी येते, दिवसभरात ९० टक्के, पुरती ७२ तासांनी. तेवढे दिवस गाडी धुवायची नाही.

चोरबाजारात मटण स्ट्रीटला आजही जुने मोनोग्राम मिळतात. मी पुसून चमकवलेल्यापेक्षा मळका घेतो, कारण मळक्यात पिनांची खरी अवस्था दिसते. आणि अस्सल जुना भाग मिळाला तर त्याचे बारीक डाग राहू द्यावेत असं माझं मत आहे. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणी आली, 'व्हीए' अक्षरांचा नंबर. तिथे गाडी मूळ रूपात राहिलेली असावी ही अट आहे. मोनोग्राम बदलल्याने नोंदणी अडत नाही, पण मूळपणाची किंमत कळलेले मालक त्यामुळे वाढलेत आणि ते आता पिनेपर्यंत विचारतात.

या कामात यायचं असेल तर भंगारातून एक वाकडं साइड पॅनल आणि एक तुटका मोनोग्राम घ्या. घरी गॅलरीत दहा वेळा भोकं पाडा, बुजवा, पुन्हा पाडा. गॅरेजात काम मागायला जाल तेव्हा ते पॅनल बरोबर न्या. मी आता मुलं घेतो तेव्हा आधी पॅनलची मागची बाजू बघतो, बर काढलाय का ते.

आणि गाडी दिल्यावर पहिला पावसाळा संपला की मालकाला फोन करा. मी ऑक्टोबरात बोलावतो. पॅनल काढून मागून टॉर्च मारतो, क्लिपच्या भोवती तांबूस रेघ आहे का बघतो, अंगठ्याने मोनोग्राम दाबून हलतो का बघतो, ग्रीसचं नवं बोट लावतो. दहा मिनिटं लागतात. याचे मी पैसे घेत नाही.