फुटपाथ अडला तर तक्रार नेमकी कुणाकडे? नागपूरच्या पादचाऱ्यांसाठी

बर्डीवर किंवा इतवारीत फुटपाथ सोडून गाड्यांच्या गर्दीत उतरावे लागले, तर आधी वाट कशाने अडली ते पाहा. गाडीने, दुकानाच्या मालाने, की फुटपाथच उखडला आहे? तिन्हींचा कायदा वेगळा आणि कार्यालयही वेगळे. चुकीच्या टेबलावर गेलेली तक्रार तिथेच पडून राहते.

गाडी असेल तर वाहतूक पोलीस. वाहन चालविण्याबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांनुसार फुटपाथवर गाडी चालवता येत नाही, उभीही करता येत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर उभी करण्यासही मनाई आहे. तक्रार महाट्रॅफिक ॲपवर करता येते. फोटोत नंबर प्लेट, फुटपाथची कड आणि जागा ओळखता येईल अशी पाटी एकत्र आली पाहिजे. नुसत्या प्लेटच्या फोटोवरून गाडी कुठे उभी होती ते कळत नाही.

दुकानाबाहेर काढलेला माल, फलक, बांधलेला ओटा असेल तर महापालिकेचे झोन कार्यालय. धंतोली, गांधीबाग, लकडगंज असे दहा झोन आहेत. घर कोणत्या झोनमध्ये आहे ते महत्त्वाचे नाही, अडथळा जिथे आहे तो झोन लागतो. अर्जात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे २२९ ते २३१ लिहा. रस्त्यावर बेकायदा ठेवलेला माल नोटीस न देता उचलण्याचा अधिकार कलम २३१ आयुक्तांना देते.

ठेलेवाल्यांचे प्रकरण वेगळे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रमाणपत्रधारक विक्रेत्याला संरक्षण दिले आहे. नेमून दिलेल्या जागेवरून त्याला हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणून भाजीचा ठेला आणि शोरूमचा फलक एकाच अर्जात घालू नका. अशाने फलकावरची सरळ कारवाईसुद्धा अडकते, आणि पोटासाठी उभ्या माणसावर अन्याय होतो तो वेगळाच.

फुटपाथ उखडला असेल तर रस्ता कुणाचा ते आधी विचारा: महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम विभाग की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. जाताना टेप न्या. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. खांब किंवा विजेची डीपी मध्ये असेल तर उरलेली रुंदी मोजून लिहा. १४ मे २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आहे. तो उल्लेख जरूर करा. पोच घ्या. महिनाभर हालचाल नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर काय कारवाई झाली’ एवढेच विचारा.

सिग्नल नसलेल्या झेब्रावर गाडी थांबवून पादचाऱ्याला वाट देणे चालकावर बंधनकारक आहे. तरी गाडी खरोखर थांबल्यावरच पाऊल टाका. फुटपाथच नसेल तर उजव्या कडेने चाला, समोरून येणारी गाडी दिसते.

धडक बसली तर ११२ वर फोन करा आणि पोलिसांत नोंद होईल हे पाहा. रस्ता अपघातातील जखमींसाठीच्या २०२५ च्या केंद्रीय कॅशलेस योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळतात, पण त्यासाठी ही नोंद लागते. गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास दोन लाख भरपाई आहे. तो दावा तालुक्याच्या महसूल कार्यालयात करायचा असतो.